तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य

दादा,

तू तसं म्हणाला नव्हतास. दवाखान्यातल्या त्या दुपारी तू माझ्याशी बोललास ते वेगळंच होतं. समूच्या गणिताविषयी तर तू चकार शब्द काढला नव्हतास. तरी तुझ्या तेरवीला, तुझ्याच दुकानातून आलेल्या मंडपात, जेवून उठलेल्या सगळ्या माणसांसमोर मी सांगितलं की ही तुझी शेवटची इच्छा होती. आज हे लिहिताना मान वर होत नाही, पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

तू गेल्यावर लोक मला म्हणाले, तू शिकलेली आहेस, कॉलेजात शिकवतेस, भावावर चार ओळी लिही. मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे, असं सगळं मी लिहायला घेतलंही. मग माझं मलाच हसू आलं. तू कसला मनमिळाऊ! मंडपाच्या गुलाबी कापडाला लाल झालर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'दुसरा बिछायतवाला पाहा' म्हणून हाकलून देणारा माणूस तू. सुखदुःखात धावून जायचास हे मात्र खरं, कारण गावात लग्न असो की मयत, मंडप तुझाच लागायचा. आणि माझी पन्नाशी उलटली तरी चारचौघांत मला 'बेबी' म्हणायचास. माझ्या वर्गातला एक मुलगा तुझ्या दुकानात उभा असताना तू मला तशी हाक मारलीस, तर दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर काय खुसफुस चालली होती ते मला फळ्याकडे तोंड करूनही कळत होतं. त्यावरून मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आता बेबी म्हणणारं कोणी उरलं नाही, तर माझं खरं नाव ऐकताना दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं वाटतं.

आपलं शेवटचं भांडण समूच्या नववीवरून. तुझी लेक आठवी पास झाली आणि शाळेने पालकांना बोलावून सांगितलं की यंदा नववीला गणिताचे दोन वर्ग राहतील, एक नेहमीचा आणि एक ॲडव्हान्स. ॲडव्हान्सला जास्तीचे धडे, शाळा सुटल्यावर जास्तीचा तास, दर शनिवारी वेळ लावून चाचणी. पुढे इंजिनिअरिंगला वगैरे जायचं त्यांनी तोच घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. मला तर यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. समूचं डोकं गणितात कसं चालतं ते मी ती लहान असल्यापासून पाहत आले होते. एकच गणित तीन तऱ्हांनी सोडवून त्यातली सर्वांत लांबची तऱ्हा तिला आवडायची, आणि मी ओरडले की खुदकन हसायची.

मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेहून मुद्दाम पुलगावला आले. तू दुकानात भाड्याने द्यायच्या गाद्यांच्या थप्पीला टेकून चहा पीत होतास आणि थप्पीवर समू पाय हलवत बसली होती. मी म्हटलं, तिचं नाव ॲडव्हान्सला टाक आणि मोकळा हो. तू बोटाने वर दाखवलंस. तिलाच विचार म्हणे.

"मी नाई घेत, आत्या," समू वरूनच म्हणाली. "मले साधंच पायजे."

"काऊन? झेपत नाई का तुले?"

"झेपते ना. मले गणित लय आवडते, म्हणूनच नाई घेत. घड्याळ लावून सोडवलं की त्याच्यातली मजाच जाते."

माझं डोकं फिरलं. मजा! मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. नववीत 'सोपं आहे ते बरं' म्हणून साधं गणित घेतलेल्या आणि दहावीनंतर माझ्यासमोर रडत बसलेल्या मुली मी दरवर्षी पाहते. त्यांना चौदाव्या वर्षी कोणी सांगितलेलं नसतं की आज ज्याला तू कंटाळून नको म्हणतेस, ते उद्या तुला नको म्हणणार आहे. हे सगळं मी तुला तिथेच, गाद्यांच्या वासात उभी राहून, मोठ्या आवाजात ऐकवलं. तू कप खाली ठेवलास.

"बेबी, तू तुह्या वर्गातल्या पोट्ट्यायचं बोलून राह्यली. मी समूचं बोलतो."

"समू काय आभाळातून पडली का?"

"मले काय मालूम. पण तिचं डोकं तिच्याजवळ हाये, तुह्याजवळ नाई." आणि मग तू वर हात केलास. समूने वाकून त्यावर हात मारला. "तुले पायजे ते घे, बाई. माह्याकडून पक्कं."

तेव्हापासून आपण फोनवर भांडत राहिलो. मी सकाळी कॉलेजला निघताना एक मुद्दा सांगायची, तू मंडपाच्या गडबडीत तो अर्धा ऐकायचास आणि संध्याकाळी भलतंच उत्तर द्यायचास. एकदा तर मी अर्धा तास समजावल्यावर तू विचारलंस, 'काय म्हटलं? जनरेटर चालू होता इथं.' तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं, दादा. आजही पूर्ण पटलेलं नाही. आपलं बरोबर आहे असं वाटत असतानाच माणूस काय काय करून बसतो, ते मला उशिरा कळलं.

मग तुझं पोट दुखायला लागलं. वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, लवकर घरी सोडू. वहिनी आंघोळीपुरती माझ्या घरी गेली की मी तुझ्याजवळ बसायची. एका दुपारी अशीच बसले, वहिनी आल्यावर घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन आले तर तू नव्हतास. तो डबा परत घरी आणून उघडून धुवावा लागला. त्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही.

तुझ्या माणसांनी तेरवीचा मंडप फार मन लावून लावला. साधं पांढरं कापड, पण एक सुरकुती नाही. बघताना मला उगाच वाटलं की तू मागच्या बाजूने येऊन एखादी दोरी ओढून बघशील आणि शिवी हासडशील. जेवणं झाली आणि आपल्याकडे बसतात तसे घरचे लोक सतरंजीवर बसले. पुढचं ठरवायचं असतं ना. नाचणगावचे काका मध्ये, म्हणजे ते बोलणार आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. दुकान कोण पाहणार हे त्यांनी विचारताच वहिनी म्हणाली, मी पाहीन. काकांना ते रुचलं नाही, पण वहिनीच्या आवाजापुढे काही बोलता आलं नाही. मग ते समूकडे वळले.

"आन् पोरीच्या शाळेचं काय? ते गणिताचं काहीतरी होतं म्हणे."

"मी साधं गणित घेणार, आजोबा," समू म्हणाली. "बाबा हो म्हणले."

"बेस झालं," काका म्हणाले. "पोरीच्या जातीले कायले पायजे एवढं गणित? दुकानाचा हिशेब आला की झालं."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्या हलणाऱ्या माना पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काकांशी भांडायला हवं होतं. आयुष्यभर त्यांच्याशी भांडत आले, आणखी एकदा भांडले असते. पण रडून रडून जीव दमला होता, आणि मला वाद नको होता, फक्त जिंकायचं होतं. गेलेल्या माणसापुढे आपल्यात कोणी बोलत नाही हे मला चांगलं माहीत होतं.

"नाई," मी म्हटलं. "दादा दवाखान्यात मले बोलला. समूनं वरचंच गणित घ्यावं, ही त्याची शेवटची इच्छा होती."

काय झालं सांगू? काका, ज्यांना मुलींचं गणित आत्ताच नकोसं झालं होतं, त्यांनी डोळे पुसले. "जाता जाता पोरीचाच इचार करून गेला," म्हणाले, आणि हात जोडले. सगळ्यांनी जोडले. इच्छा म्हटल्यावर विषयच संपला. वहिनी सरकत माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून रडायला लागली. "माह्यापाशी असं काही नाई बोलले ते. तुमच्यापाशी तरी बोलले, बरं झालं." मी तिचा हात थोपटला. खोटं बोलून झाल्यावर त्याच हाताने थोपटला. समूने फक्त एकदा विचारलं, "असं म्हणले बाबा?" मी हो म्हटलं, आणि ती उठून पाणी वाढायला गेली.

तू म्हणशील, तिथेच थांबायचं होतंस. थांबता आलं नाही. शाळा सुरू झाली आणि समू ॲडव्हान्सच्या वर्गात बसायला लागली. तिला उत्तम जमत होतं, खोटं कशाला सांगू, मला आनंद होत होता. रविवारी ती गाडीने वर्ध्याला येऊन माझ्याकडे गणितं करायची. आधी मला वाटलं, तू गेल्याचं दुःख आहे म्हणून गप्प असते. पण तिचं सोडवणंच बदललं होतं. लांबची तऱ्हा नाही, हसू नाही. कडू औषध घ्यावं तसं एकेक गणित घेऊन संपवायची. आणि मधेच पेन थांबवून विचारायची:

"आत्या, बाबा नेमकं कसे म्हणले?"

पहिल्यांदा मी म्हटलं, 'समूला सांग' असं म्हणाला. पुढच्या वेळी म्हटलं, माझा हात धरला होता त्याने. त्यापुढच्या वेळी तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा, मी तुला रडवलं! बापाच्या मयतीत सुद्धा तू मंडपाचे खांब तपासत फिरत होतास, आणि मी तुला समूच्या गणितापायी दवाखान्यात रडवलं. पोरगी विचारायची आणि मी घास भरवावा तशी तिला दर रविवारी थोडं थोडं भरवत गेले. तिला बरं वाटावं म्हणून सांगतेय, अशी मी माझी समजूत घातली होती.

मागच्याच्या मागच्या रविवारी मी भज्यांचा घाणा काढत होते. समू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, बाबा माह्यावर रागावलते का?"

"कायले रागावतील?"

"मंग मले तसं काऊन म्हणले? हातावर हात मारून पक्कं म्हणले ना. मले तोंडावर हो म्हणले आन् तुह्यापाशी नाई म्हणले. मनातून त्यायले पटलंच नव्हतं का?" तिचा आवाज अगदी साधा होता. पुष्कळ दिवस विचार करून झालेल्या माणसाचा असतो तसा. "बाबा मले खोटं बोलले का?"

मी गॅस बंद केला. कढईत भजी तशीच होती. इतके दिवस मला वाटत होतं की मी पोरीवर फार तर एक जड विषय लादला. मी तिच्याकडून काय काढून घेतलं होतं ते मला त्या दारात दिसलं, आणि कधी नव्हे ती मला अशी लाज वाटली की पदराने तोंड झाकावंसं वाटलं. मी खाली बसले. तिला म्हटलं, तूही बैस. आणि सांगितलं.

सांगितलं की तुझा बाबा गणिताचं काही बोललाच नाही. तो विषय मीच काढला होता. सलाईन लावलेल्या माणसापुढे मी शाळेचं, ॲडव्हान्सचं, बारावीच्या मुलींचं पुराण लावलं होतं. तो आधी म्हणाला, देवळीचा मंडप उतरवला का विचार पोरांना, हवा सुटली आहे. मी पुन्हा गणितावर आले. तर म्हणाला, तुझ्या डब्यातली भाजी फार तिखट आहे, डॉक्टरला कळलं तर तुलाच भरती करतील. मी तरी सोडेना. तेव्हा त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, 'बेबी, आता नको ना. घरी गेल्यावर भांडू.'

बस. एवढंच. त्यानंतर तू झोपलास आणि वहिनी आली.

समू म्हणाली, "घरी गेल्यावर भांडू?"

"हो."

"असंच म्हणले?"

"असंच."

ती हसायला लागली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती अशी रडली, जशी तेरवीला, दहाव्याला, कधीच रडली नव्हती. "हे माहे बाबा हायेत," म्हणत होती. "ते दुसरे कोण होते काय मालूम, ते रडत होते, हात धरत होते." मी जवळ घ्यायला गेले तर तिने मला दूर केलं. डोळे पुसून म्हणाली, "तू माह्या बाबाले खोटं पाडलं, आत्या. ते होते का सांगाले, मी नाई म्हटलं म्हणून?"

वर्गात मुलं चुकली की मी म्हणते, पायरी दाखव, कुठे चुकलास ते सापडेल. मला माझी पायरी चांगली सापडत होती, आणि सापडून काही उपयोग नव्हता. ती दप्तर भरून निघाली. मी स्टेशनवर सोडते म्हटलं तर नको म्हणाली. मी तिच्या मागे मागे, अंतर ठेवून, चालत गेले. तिला ते कळलं असावं, पण तिने वळून पाहिलं नाही.

जाण्याआधी मी तिला विचारलं होतं, तुझ्या आईला कोण सांगेल? "तू सांगजो," म्हणाली. "मी नाई सांगत."

त्यानंतरचा रविवार ती आली नाही. काल मी पुलगावला गेले. वहिनी दुकानात होती, परत आलेल्या चादरी उलगडून डाग बघत होती, अगदी तू बघायचास तशी उजेडाकडे धरून. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर जमलं नसतं. तिचे हात थांबले. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने.

"मंग मले जे बोलले, तेच शेवटचं," ती हळूच म्हणाली.

तू तिला काय बोलला होतास, हे तिने सांगितलं नाही. ते तिचं आहे. पण चादर तशीच छातीशी धरून ती बसली, आणि इतके दिवस मी तिला तुझ्या शेवटच्या शब्दांवाचून फुकट उपाशी ठेवलं होतं हे मला कळलं. 'तुमच्यापाशी तरी बोलले' म्हणून ती माझ्यासमोर रडली होती, आणि मी थोपटत होते. वहिनी रागावलीच नाही असं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही असं कराले नको होतं, ताई," आणि पुन्हा चादरी बघायला लागली. त्या एका वाक्यात होता तेवढा राग मला पुरेल.

समू शाळेतून आली. मला पाहून दारात जरा थबकली, मग दप्तर ठेवून आईजवळ जाऊन बसली. तेवढ्यात नाचणगावचे काका आले. आता ते अधूनमधून दुकानात येऊन बसतात, वहिनीला सल्ले देतात आणि ती एकही ऐकत नाही. त्यांनी समूच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय म्हणते पोरगी? बापाची इच्छा पूर्ण करून राह्यली ना?"

दुकानात तुझी दोन-तीन माणसं होती, एक गिऱ्हाईक होतं. समूने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी मंडपात सगळ्यांदेखत बोलले होते, तेव्हा हेही कुठे कोपऱ्यात सांगून भागण्यासारखं नव्हतं.

"काका, ती दादाची इच्छा नव्हती," मी म्हटलं. "तो असं काही बोललाच नाई. ते मी माह्या मनानं सांगतलं."

काकांना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

"म्हणजे तू गेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलली?"

"हो."

"तेरवीत? पानावरचं जेवून?"

"हो, काका."

"आन् म्हणे शिकलेली बाई," ते म्हणाले. एरवी याला माझ्याकडे दहा उत्तरं असतात. गिऱ्हाईक झालरीच्या कापडाकडे फार लक्ष देऊन बघायला लागलं. माझे कान तापले होते, आणि तू तिथे असतास तर 'बेबी, पाणी पी' म्हणाला असतास असं मनात आलं. पण लगेच मी तो विचार झटकला. तुझ्या तोंडी काही घालायचं नाही, मनातल्या मनात सुद्धा नाही, असं मी ठरवलं आहे.

काका समूकडे वळले. "मंग सुटली की तू, पोरी. उद्याच शाळेत जाऊन सांग, साधं गणित द्या म्हणा. तुह्या बापानं तसंच म्हटलं होतं ना?"

"बाबानं साधं घे नाई म्हटलं, आजोबा," समू म्हणाली. "मले पायजे ते घे म्हटलं. मी ठरवीन."

सहामाही परीक्षेपर्यंत वर्ग बदलता येतो, असं शाळेने सांगितलेलं आहे. तिला किती सुरेख जमतं आहे, हे मी इतके रविवार पाहिलं आहे. तेवढंच सांगणारं एक वाक्य मला सुचलं होतं, दादा. छोटंसं, खरं, कुणालाही न दुखावणारं, आणि अगदी ओठावर आलेलं.

मी तोंड मिटलं. वहिनीने समूला चहा टाकायला सांगितला, आणि ती माझ्यासाठीही कप काढते का, हे पाहत मी गाद्यांच्या थप्पीजवळ उभी राहिले.